पंधरा आणे खरी पाऊणकी

भरती किती वाजता लागणार, असं पालघरच्या किनाऱ्यावर एखाद्या जुन्या माणसाला विचारलं तर तो आधी तिथी विचारतो. चतुर्थी आहे? मग चाराचे पाऊण तीन. तीनच्या सुमाराला पाणी भरलेलं असणार. अष्टमी असेल तर आठाचे पाऊण सहा. तृतीया असेल तर तिनाचे पाऊण सव्वादोन. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. कोकण किनाऱ्यावर ही रीत फार जुनी आहे. सातपाटीपासून डहाणूपर्यंत डोल जाळी पाण्याच्या ओढीवरच लावतात. ओढ कधी फिरणार हे ठाऊक नसेल तर बोंबील जाळ्यात येत नाही. त्यामुळे या किनाऱ्यावर पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पोटापाण्याची होती.

चंद्रासारखी अफाट गोष्ट, तिच्यामागे धावणारा समुद्र, आणि दोघांना जोडणारा अपूर्णांक चौथीच्या वहीतला: ३/४. हे कसं जमतं ते पाहायलाच हवं, कारण मुलांना अपूर्णांक, दशांश आणि टक्के शिकवताना जे जे अडतं ते सगळं या एका हिशेबात येऊन बसलेलं आहे.

आधी चंद्राचं. अमावास्येला चंद्र आणि सूर्य आकाशात एकाच दिशेला असतात. दोघेही दुपारी बाराच्या सुमारास डोक्यावरून जातात. त्यानंतर चंद्र रोज मागे पडत जातो. तो सूर्यापासून १२ अंश दूर गेला की एक तिथी पूर्ण होते. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणून महिन्यात तिथी ३०. आता पृथ्वीला स्वतःभोवती ३६० अंश फिरायला लागतात २४ तास, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. बारा अंशांना बारा चोक अठ्ठेचाळीस. दर तिथीला चंद्र ४८ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो आणि त्याच्यामागून भरतीही तितकीच मागे सरकते.

४८ मिनिटं म्हणजे तासाचा कितवा भाग? ४८/६०, म्हणजेच ४/५. दशांशात ०.८ तास.

खरा गुणक ४/५ आहे. आपले लोक ३/४ ने गुणत आले.

यात चूक शोधण्याआधी रचना किती देखणी आहे ते पाहा. पंधरा तिथींना ०.८ ने गुणलं की नेमके १२ तास येतात. म्हणजे एका पंधरवड्यात भरती घड्याळाची बरोबर एक फेरी पुरी करते. दिवसात भरत्या दोन, त्यांच्यात सुमारे साडेबारा तासांचं अंतर. पंधरवडा संपतो तेव्हा दुपारची भरती मध्यरात्रीवर गेलेली असते आणि मध्यरात्रीची पुढच्या दुपारवर येऊन ठेपते. म्हणूनच शुक्ल पक्ष संपून कृष्ण पक्ष लागला की तिथी पुन्हा एकापासून मोजली तरी हिशेब चुकत नाही. पक्ष कुठला हे विचारायचीही गरज पडत नाही.

आणखी एक गोष्ट या भागाला लाभली आहे. चंद्र डोक्यावर आला की त्याच क्षणी भरती पूर्ण होते असं जगात सगळीकडे नसतं. किनाऱ्याचा आकार, समुद्राची खोली, आखाताची तोंडं यांमुळे ती पुढेमागे होते. खंबातच्या आखातात आत गेलं की भरती काही तास उशिरा पोचते. मुंबई ते पालघर या पट्ट्यात मात्र अमावास्या-पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास येते. म्हणून इथे नुसत्या गुणाकारावर भागतं, वर आणखी काही मिळवावं लागत नाही. दुसऱ्या किनाऱ्यावर हीच रीत वापरायची तर गुणून झाल्यावर तिथला ठरलेला उशीर मिळवावा लागेल.

आता वर्गात जाऊ. फळ्यावर दोनच अपूर्णांक लिहायचे, ३/४ आणि ४/५, आणि विचारायचं, मोठा कोणता?

तीन तऱ्हेची उत्तरं येतात आणि गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखीची आहेत. एक मूल म्हणतं, दोन्ही सारखे, कारण दोन्हींत एकच भाग कमी आहे. हे उत्तर ऐकून रागवू नये, त्यात विचार आहे. एकच भाग कमी आहे हे खरंच. पण एकीकडे कमी आहे तो चौथा भाग आणि दुसरीकडे पाचवा, आणि पाचवा भाग चौथ्यापेक्षा लहान. ज्याचं कमी तुटलं त्याचं जास्त उरलं. दुसरं मूल म्हणतं, ३/४ मोठा, कारण चौथे भाग पाचव्या भागांपेक्षा मोठे असतात. त्याला भागाचा आकार दिसला, भाग किती घेतले ते निसटलं. तिसरं मूल दोन्ही अपूर्णांक दशांशात लिहून सांगतं, ०.७५ मोठा, कारण ७५ हे ८ पेक्षा मोठे.

हे तिसरं उत्तर आपणच मुलांच्या तोंडी घातलं आहे असं मला वाटतं. आपण ‘पॉइंट पंच्याहत्तर’ म्हणतो. कानावर पंच्याहत्तर पडलं की मूल त्याची तुलना आठाशी करणार, ते स्वाभाविक आहे. ‘शून्य पूर्णांक सात पाच’ असं वाचलं तर सात दशांश आणि आठ दशांश समोरासमोर येतात आणि निकाल तिथेच लागतो.

या तिघांनाही समुद्र उत्तर देतो. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. चार पंचमांश तास म्हणजे ४८ मिनिटं. पंचेचाळीस मोठे की अठ्ठेचाळीस, यावर वर्गात वाद होत नाही. पुस्तकातल्या ‘छेद समान करा’ या सूचनेत नेमकं हेच आहे. छेद ६० केला की ४५/६० आणि ४८/६०. छेद २० केला की १५/२० आणि १६/२०. छेद १०० केला की ७५/१०० आणि ८०/१००, आणि मग ७५ टक्के, ८० टक्के. अपूर्णांक, दशांश आणि टक्के ही पुस्तकातली तीन वेगळी प्रकरणं एकाच जोडीच्या तीन पोशाखांत उभी राहतात. मोजमाप एकच आहे. कशासाठी मोजतो आहोत त्याप्रमाणे पोशाख बदलतो. तोंडी हिशेबाला पाऊण बरा. दोन मापं शेजारी ठेवायची तर दशांश सोयीचा. आणि वेगवेगळ्या आकाराच्या गोष्टींची तुलना करायची असेल तर टक्क्यांवाचून सोय नाही.

आता फळ्यावर सप्तमी लिहा. पाऊणकीने सात गुणिले ०.७५, उत्तर ५.२५. घड्याळात किती वाजले? पुष्कळ मुलं ‘पाच पंचवीस’ म्हणतील. खरी वेळ सव्वापाच, म्हणजे पाच वाजून पंधरा मिनिटं. तीच सप्तमी ०.८ ने गुणली तर ५.६ तास येतात. ते पाच वाजून सहा मिनिटंही नव्हेत आणि पाच वाजून साठ मिनिटं तर नव्हेतच. ०.६ तास म्हणजे ६० मिनिटांचे सहा दशांश, म्हणून ३६ मिनिटं. पाच छत्तीस. दशांश चिन्हाच्या उजवीकडे काय बसलं आहे हा प्रश्न या एका उदाहरणात जसा अंगावर येतो तसा पन्नास कोरड्या उदाहरणांत येत नाही. आपलं घड्याळ साठांत चालतं, चिन्ह दहांत चालतं, आणि मुलाला त्या दोन्हींमधून ये-जा करावी लागते.

आता पाऊणकीची चूक मोजू. दर तिथीला ४८ ऐवजी ४५ मिनिटं धरली, म्हणजे ४८ मिनिटांत ३ मिनिटं कमी. ३/४८ म्हणजे १/१६. रुपयाचे आणे सोळा, म्हणून ही चूक रुपयात एका आण्याची. जुन्या कोकणी रीतीचं उत्तर पंधरा आणे खरं निघतं! टक्क्यांत सांगायचं तर ९३.७५ टक्के. हा हिशेब कागदावर उतरला तेव्हा मला फार आनंद झाला. चंद्राची गती इतक्या जवळून पकडणारी गोष्ट एका तोंडपाठ पाढ्यात बसवणारी माणसं कोण होती, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

एका आण्याची चूक साचत जाते हेही मुलांनी पाहावं. चतुर्थीला पाऊणकी तीन सांगते, नेमका हिशेब ३.२ तास, म्हणजे तीन वाजून बारा मिनिटं. फरक १२ मिनिटांचा. पंधराव्या तिथीला पाऊणकी सव्वाअकरा सांगते आणि नेमका हिशेब बारा. पाऊण तास हुकला. पण तिथेच पक्ष संपतो, मोजणी पुन्हा एकापासून सुरू होते आणि साचलेली चूक पुसली जाते. शिवाय ४८ मिनिटं ही सरासरी आहे. उधाणाच्या दिवसांत रोजचा उशीर त्याहून कमी असतो, भांगाच्या दिवसांत जास्त. त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या पहिल्या काही तिथींना पाऊणकी चांगलीच जमते. (होडी काढायची किंवा मुलांना वाळूत न्यायचं तर मात्र भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच पाहावं. पाण्याजवळ पंधरा आणे पुरत नाहीत.)

पाऊणकी हा एकटाच पाढा नव्हता. पंतोजींच्या शाळेपासून मराठी मुलं पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी म्हणत आली. संध्याकाळी ओसरीवर परवचा चाले त्यात हे पाढे असत. दुसऱ्या देशांतल्या मुलांना जो गुणाकार कागदावर अंश-छेद मांडून करावा लागतो, तो आपल्याकडच्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना तोंडी येत असे. या पाढ्यांत आणखी एक गुण होता. त्यांत पाऊण म्हणजे भाकरीचा तुकडा नव्हता, ती एक संख्या होती. तिने गुणता येई, तिचे दुप्पट दीड होत, तिप्पट सव्वादोन होत. आजच्या पुस्तकात अपूर्णांक पहिल्यांदा भेटतो तो रंगवलेल्या वर्तुळात. ते चित्र आवश्यक आहे, पण मूल तिथेच थांबलं तर अपूर्णांक त्याला कायम एका अख्ख्याचा तुटलेला भागच वाटत राहतो. सव्वादोन ही दोन आणि तीन यांच्या मधली एक जागा आहे, हे वर्तुळात दिसत नाही. घड्याळावर ते दिसतं, फूटपट्टीवर दिसतं.

मग पाढे गेले कुठे? १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नये पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. पाठोपाठ वजनमापंही बदलली, शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. सोळाचे अर्धे आठ, त्याचे अर्धे चार, मग दोन, मग एक, अशी अर्ध्या-अर्ध्याने उतरणारी सगळी व्यवस्था दहा-दहाने उतरणारी झाली. ते योग्यच झालं. दशमान पद्धतीने कोट्यवधी माणसांचा हिशेब सोपा केला. पण पाढ्यांनाही त्याबरोबर निरोप दिला गेला, आणि तो द्यायचं काहीच कारण नव्हतं. शंभराचे पाऊण पंच्याहत्तर हे दशमान पद्धतीतही खरंच आहे. ज्याला पाऊणकी येते त्याला ७५ टक्के काढायला कागद लागत नाही.

दशांशांचा इतिहास पाहिला तर तिथेही समुद्र भेटतो. युरोपात दशांश अपूर्णांकांचा प्रसार करणारं छोटं पुस्तक सायमन स्टेव्हिन याने १५८५ साली काढलं आणि ते खगोलज्ञ, जमीन मोजणारे, कापड मोजणारे, टांकसाळवाले, व्यापारी अशा कामकरी माणसांना उद्देशून लिहिलं. हा स्टेव्हिन समुद्राला लागून असलेल्या सखल प्रदेशातला. पुढे त्याने चंद्र आणि भरती-ओहोटी यांवरही लिहिलं. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या परंपरेत अपूर्णांक वर अंश, खाली छेद असाच लिहीत, फक्त मधली रेघ नसे. ती अरबी गणितज्ञांकडून आली. फळ्यावरच्या एका ३/४ मध्ये इतक्या लोकांचे हात लागलेले आहेत.

हातावरून आठवलं. याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम नेलं. वारली मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं घेऊन रानात असत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. महागडी माँटेसरी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून खडे, बिया, शिंपले, पानं हीच साधनं झाली. आधी वस्तू हातात, मग बोलणं, मग चिन्ह, हा क्रम त्यांनी धरला. अपूर्णांकांसाठी तो आजही तितकाच लागतो. वीस चिंचोके चार मुलांत वाटले की पाव कळतो, पाच मुलांत वाटले की पंचमांश. आणि चार ढिगांतले तीन उचलले की हातात पंधरा, पाच ढिगांतले चार उचलले की सोळा. १५/२० आणि १६/२० मुठीतच मोजता येतात. छेद समान करण्याचं सूत्र त्यानंतर सांगावं, किंवा मुलांनाच शोधू द्यावं.

टक्के शिकवायला तर जिल्ह्यात उदाहरणांची वाण नाही. खरिपात भात कसं आलं हे महसूल खातं दरवर्षी पैसेवारीने जाहीर करतं. पन्नास पैशांपेक्षा कमी पैसेवारी ही टंचाईची खूण मानली जाते. ही पैसेवारी म्हणजे शुद्ध टक्केवारी आहे: पूर्ण पीक आलं तर रुपया, अर्धं आलं तर पन्नास पैसे. पूर्वी हीच आणेवारी होती, सोळापैकी. सहा आणे पीक म्हणजे किती पैसे? ६/१६ म्हणजे ३/८ म्हणजे ३७.५ पैसे. वाड्याचं मोठं शेत आणि विक्रमगडचं लहान शेत यांची तुलना पोत्यांनी करता येत नाही, पैशांनी करता येते. टक्के कशासाठी हवेत हे ज्या मुलाच्या घरी भात होतं त्याला दोन वाक्यांत कळेल.

घरातला सातबारा आणायला सांगितला तर आणखी गंमत. क्षेत्र लिहिलेलं असतं ०.४०.५०. एका संख्येत दोन टिंबं! पाचवीतलं चौकस मूल लगेच म्हणेल, हे चूक आहे. चूक नाही. डावीकडे हेक्टर, मध्ये आर, उजवीकडे चौरस मीटर. शंभर चौरस मीटरांचा एक आर, शंभर आरांचा एक हेक्टर. प्रत्येक पायरी शंभराची, म्हणून दुसरं टिंब काढून टाकलं की ०.४०५० हेक्टर हा खरा दशांश आपोआप तयार होतो. चार हजार पन्नास चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक एकर.

आणि बोईसरच्या मुलांना तर तारापूर आहे. भारतातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे १९६९ साली सुरू झालं. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या संचांत, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, नैसर्गिक युरेनियम वापरतात. युरेनियमच्या सगळ्या अणूंमध्ये सहज फुटून साखळी चालवणारे अणू, म्हणजे युरेनियम-२३५, फक्त ०.७२ टक्के असतात. ०.७२ टक्के म्हणजे शंभरात एकही पुरा नाही, हजारात सातेक. दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकून ते ०.०७२ असतं तर त्या युरेनियमवर हे संच चालूच शकले नसते. इतक्या थोड्या अणूंवर काम भागवायचं तर त्यांतून सुटणारे न्यूट्रॉन वाया जाऊन चालत नाहीत, आणि साधं पाणी न्यूट्रॉन गिळतं. म्हणून जड हायड्रोजनचं बनलेलं जड पाणी वापरतात, आणि तेही ९९.७५ टक्क्यांहून शुद्ध. सूट फक्त पाव टक्क्याची.

पाव आणि पाव टक्का यांत मोठी माणसंही गल्लत करतात. पाव म्हणजे शंभरात पंचवीस. पाव टक्का म्हणजे शंभरात पाव, हजारात अडीच, चारशेत एक. वर्गात हे दाखवायला चौकटीची वही पुरे. वीस आडव्या, वीस उभ्या, चारशे चौकटींचा चौरस आखायचा. त्यातली एक चौकट निळी रंगवली की झालं जड पाण्यात चालणारं साधं पाणी. दुसऱ्या तशाच चौरसात तीन चौकटी लाल करायच्या, ते युरेनियम-२३५. चारशेचे ०.७२ टक्के २.८८ होतात, म्हणजे तिसरी चौकट थोडी कोरी सोडावी लागेल. किती कोरी, ते मुलांनी ठरवावं. आणि हे जड पाणी निसर्गात किती असतं? साध्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या सुमारे ६४०० अणूंमागे जड हायड्रोजनचा अणू एक. त्यासाठी चारशे चौकटींचे सोळा कागद शेजारी शेजारी भिंतीवर चिकटवायचे आणि सगळ्यांत मिळून एकच चौकट रंगवायची.